प्रश्न ठकीला विचारा

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या किशोरवयीन मुलामुलींबरोबरच्या कामाविषयी, महिला गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

शिक्षकांना मुलांशी ज्या विषयांवर बोलायला अवघड जातं, ते विषय खेळातून कसे काढायचे यावर मी बोलावं, असं तुम्ही कळवलंत. येताना खेळ घेऊन या, असंही सांगितलंत. आणलाय. या पिशवीत खडू आहे, कोळशाचे दोन तुकडे आहेत, मूठभर फोडलेले चिंचोके आहेत आणि चिंध्यांची एक बाहुली आहे. हिचं नाव ठकी. पण पिशवी उघडण्याआधी दोन प्रसंग सांगते. एक तुम्हाला माहीत आहे. दुसरा माझा आहे आणि तो सांगायला मला थोडी लाज वाटते.

पहिला प्रसंग २०२५ च्या जुलै महिन्यातला. शहापूरमधल्या एका शाळेच्या शौचालयात रक्ताचे डाग दिसले. पाचवी ते दहावीच्या मुलींना सभागृहात बोलावलं गेलं. डागांचे फोटो पडद्यावर दाखवले आणि कोणाकोणाची पाळी चालू आहे हे सगळ्यांसमोर विचारलं. ज्यांनी नाही म्हटलं, त्यांच्यातल्या मुलींना शौचालयात नेऊन कपडे काढायला लावून तपासलं, अशी तक्रार पालकांनी केली. पालक शाळेवर धडकले, पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. आपण सगळ्याजणी संतापलो. संतापायलाच हवं होतं.

मला मात्र त्या रात्री झोप लागेना ती आणखी एका कारणाने. हा माझा प्रसंग. बऱ्याच वर्षांपूर्वी मुरबाड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी एक खेळ घेतला होता. शिबिरांत आपण सगळ्याच घेतो तो. मुली एका रेघेवर उभ्या राहतात, आपण एकेक वाक्य म्हणायचं, ज्यांना ते लागू पडेल त्यांनी एक पाऊल पुढे यायचं. 'ज्यांना पोहता येतं त्या', 'ज्यांना घरची आठवण येते त्या'. मुली हसत होत्या, खेळ रंगला होता. त्या रंगाच्या भरात मी म्हटलं, 'ज्यांना पाळी आली आहे त्या'. हसणं थांबलं. दोघीतिघी पुढे आल्या आणि लगेच मागे गेल्या. सगळ्यांत उंच जी मुलगी होती तिच्याकडे सगळ्यांनी पाहिलं. ती जागची हलली नाही. शेजारणीने तिला कोपराने ढकललं, तरी हलली नाही. संध्याकाळी ती जेवायला आली नाही. अधीक्षिकाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, तिला अजून आलीच नाही. मुली हसतील म्हणून ती लपवून होती. आज सगळ्यांना कळलं."

तेव्हा मी एवढाच धडा घेतला की तो खेळ फसला, तो सोडून द्यावा. शहापूरची बातमी वाचल्यावर कळलं की माझं काय चुकलं होतं. त्या शाळेत जे घडल्याची तक्रार झाली तो गुन्हा होता, माझ्या हातून घडली ती चूक होती, आणि दोन्हींत फार अंतर आहे. पण प्रश्न एकच होता. मोठ्या माणसाने, चारचौघांत, मुलीला तिच्या शरीराचा हिशेब विचारायचा. वर 'खेळ' असं नाव दिलं म्हणून तो प्रश्न भाबडा होत नाही. उलट खेळात मुलगी बेसावध असते, म्हणून जास्त लागतो.

त्यामुळे आज मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. खेळात प्रश्न मुलीला विचारायचा नाही, ठकीला विचारायचा. आणि मुलींनी खेळण्याआधी तो खेळ मोठ्यांनी खेळायचा.

बाहेरून आलेल्या मैत्रिणींसाठी आमच्या भागाबद्दल थोडं सांगते. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर ठाणे जिल्ह्यात जो आदिवासी भाग उरला त्यात शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके मुख्य. शहापूरकडे कसाऱ्याची लोकल जाते, मुरबाडला रेल्वे नाही. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या वाड्या आणि पाडे डोंगरांच्या कुशीत आहेत. दिवाळी झाली की कातकऱ्यांची कितीतरी घरं उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परत येतात. मुलगी एक तर भट्टीवर जाते, नाहीतर आश्रमशाळेत राहते. म्हणजे पहिली पाळी येते तेव्हा तिची आई जवळ नसण्याचाच संभव जास्त. जवळ असते ती अधीक्षिका, शिक्षिका, नाहीतर स्वयंपाकाच्या मावशी. या बाया बोलल्या तर मुलीला कळणार, नाही बोलल्या तर ती अंधारात राहणार. म्हणून आम्ही कामाची सुरुवात मुलींपासून न करता यांच्यापासून केली.

शिक्षकांबरोबरचा पहिला खेळ अगदी साधा. जमिनीवर एकीला निजवायचं आणि कोळशाने तिच्याभोवती रेघ काढायची. ती उठली की जमिनीवर माणसाचा आकार उरतो. मग सगळ्यांनी चिठ्ठ्यांवर अवयवांची नावं लिहून जागच्या जागी ठेवायची. डोळे, नाक, कोपर, गुडघे पाच मिनिटांत होतात. मधला भाग मोकळा. पहिल्यांदा हा खेळ घेतला तेव्हा एका बाईंनी उठून त्या मोकळ्या जागेवर आपला रुमाल टाकला आणि सगळी खोली हसली. एक गुरुजी म्हणाले, "मॅडम, आम्ही वर्गात 'तिथे' म्हणतो. मुलांना समजतं."

आम्ही तो रुमाल तसाच ठेवला आणि त्याच्याभोवती बसून बोललो. आपल्याला शब्द माहीत नाहीत का? माहीत आहेत. पण एक शब्द पाठ्यपुस्तकातला, जो कोणी कधी उच्चारत नाही, आणि दुसरा शिवीतला, जो रस्त्यावर रोज ऐकू येतो. मधला, रोजच्या वापराचा, साधा शब्दच नाही. शरीराच्या त्या भागांना आपण नाव देत नाही, नावं ठेवतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुरबाडच्या शेजारी, बदलापूरला, शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं आणि सगळं बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरलं. त्यानंतरच्या बैठकीत एक अंगणवाडी सेविका म्हणाली, ते मी विसरत नाही. ती म्हणाली, "पोटात दुखतं हे पोर सांगू शकतं, कारण 'पोट' हा शब्द आपण तिला दिलाय." कुठे दुखलं, कोणी कुठे हात लावला हे सांगायला लहान मुलीला आधी शब्द हवा, आणि तो तिने उच्चारला म्हणून थोबाडीत मिळणार नाही याची खात्री हवी.

या खेळात पहिला पाव तास लोक नुसते हसतात. हसू द्या. आपल्यातल्या काही जणी तिथे गंभीर चेहरा करून दटावतात. तसं करू नका. हसून झालं की बाया आपोआप बोलू लागतात. रुमाल काढायचा तो त्यांच्यातलीच कोणी काढील, आपण नाही.

आपल्याला खेळाचं हे बळ नवीन नाही. जात्यावर, भोंडल्याला, मंगळागौरीला बाया सासरची गाऱ्हाणी गातच आल्या. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, पण उखाण्यात घ्यायचं. जे सरळ बोलायची सोय नाही ते खेळात बोलायची सोय बायकांनी करून घेतली. आपल्या चळवळीनेही तेच केलं. स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' १९८३ पासून गावोगाव गेलं. ज्यांनी भाषण ऐकलं नसतं त्यांनी ते नाटक पाहिलं. ब्राझीलच्या आगुस्तो बोआल यांनी त्याच्याही पुढे जाऊन प्रेक्षकालाच रंगमंचावर बोलावलं. जे घडलं ते तुला पटत नसेल तर तू ये आणि वेगळं करून दाखव. आमच्या सापशिडीत हीच गोष्ट घडली, पण ती आम्हाला मुलींनी शिकवली.

सापशिडीचा जुना पट, ज्याला मोक्षपट म्हणतात, तुमच्यातल्या काहींनी पाहिला असेल. त्यात शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. चांगलं वागलात तर वर, वाईट वागलात तर खाली. शिक्षकांनी मिळून आमचा पहिला पट तयार केला तो याच चालीवर. शिडी कुठे, तर 'ठकीनं आईचं ऐकलं'. साप कुठे, तर 'ठकी मोबाइलवर मुलाशी बोलली'. चिंचोके टाकायचे, जितके पांढऱ्या बाजूने पडतील तितकी घरं पुढे जायचं. सोंगटी म्हणजे ठकी. ती सगळ्यांची एकच. आपापसात शर्यत नाही, सगळ्यांनी मिळून ठकीला शेवटच्या घरापर्यंत न्यायचं.

एका घरात लिहिलं होतं, 'ठकीला पाळी आली, चार दिवस शाळा बुडाली', आणि तिथून एक लांब साप खाली जात होता. ठकी त्या घरात गेली. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, साप ठकीला का गिळतो? तिनं काय केलं?" कोणाकडे उत्तर नव्हतं. मग दुसरी म्हणाली, "हा साप ठकीचा नाहीच. हा शाळेच्या मोरीतला आहे. नळाला पाणी नसतं आणि दाराला कडी नाही."

मैत्रिणींनो, मी इतकी वर्षं 'पितृसत्ता' हा शब्द समजावून सांगत होते. त्या मुलीने तो एका वाक्यात सांगितला. साप मुलीच्या अंगात नसतो, कोणीतरी तो पटावर काढलेला असतो.

त्या दिवसापासून आमच्या खेळात एक नियम वाढला. ठकीला साप चावला की खेळ थांबवायचा आणि विचारायचं, हा साप इथे कोणी ठेवला? गटाचं एकमत झालं तर तो पुसायचा किंवा हलवायचा. म्हणून आम्ही छापील पट कधीच केला नाही. खडूने काढतो, पुसता यावा म्हणून. त्या दिवशीच्या सापांची यादी घेऊन तिथल्या शिक्षिका शाळा समितीपुढे गेल्या. यादीत पाणी होतं, कडी होती, आणि वापरलेले पॅड टाकायला झाकणाची बादली होती. कडी आठवड्यात बसली. पाण्याला वर्ष लागलं. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं याच शहापूर तालुक्यात आहेत. इथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. हा साप किती लांब आहे ते त्या वर्षात आम्हाला समजलं.

सगळे साप असे पुसता येत नाहीत. 'ठकी सोळा वर्षांची, लग्न ठरलं' या घरावर दर वेळी भांडण होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. तेव्हा ही काही फक्त पाड्यावरची गोष्ट नाही. शिक्षक तिथे साप काढतात आणि २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा सांगतात. मुली म्हणतात, "भट्टीवर आईबाप पहाटेपासून मातीत. पोरीला झोपडीत एकटीला कशी ठेवणार? म्हणून लग्न लावून देतात." म्हणजे आईबापांना ती शिडी वाटते. पुढे ठकीला दिवस गेले तर? अठराच्या आतली मुलगी दवाखान्यात गेली की पोक्सोखाली पोलिसांना कळवावं लागतं, नवऱ्यावर गुन्हा होतो. त्या भीतीने घरचे तिला दवाखान्यात नेतच नाहीत. कायदा मुलीच्या रक्षणासाठी आहे आणि मुलगी घरी बाळंत होताना जिवाला मुकू शकते. या घरात आम्ही साप काढत नाही, शिडीही काढत नाही. नुसतं प्रश्नचिन्ह काढतो. शिक्षकांना हे फार खटकतं, कारण त्यांना शेवटी तात्पर्य हवं असतं. पण आपल्यालाच जे उत्तर सापडलेलं नाही, ते सापडल्याचं नाटक मुलांपुढे करू नये. मुलं ते ओळखतात.

मुलग्यांबरोबरही खेळायलाच हवं. त्यांच्यासाठी आम्ही चिठ्ठ्यांचा डबा ठेवतो. नियम असा की प्रत्येकाने चिठ्ठी टाकायचीच, प्रश्न नसेल तर कोरी टाकायची. कागद एकसारखा, पेन्सिल एकसारखी. लिहिता येत नसेल तर चित्र काढायचं. मग डबा हलवून प्रत्येकाने दुसऱ्याची चिठ्ठी काढून वाचायची. प्रश्न कोणाचा ते कोणालाच कळत नाही, त्यामुळे तो सगळ्यांचा होतो. मुरबाडकडच्या एका शाळेत एका चिठ्ठीवर फक्त एक शब्द होता, 'स्वप्नदोष'. त्याखाली लहान अक्षरांत, 'मरतो का?'. बघा, शब्दातच 'दोष' आहे. पंधरा वर्षांचा मुलगा तो दोष किती दिवस एकटा वाहत असेल! मर्दानगीच्या नावाने मुलगे जे अंगावर घेतात आणि मग मुलींवर काढतात, त्याची एक मुळी इथे आहे.

र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं 'समाजस्वास्थ्य' चालवलं, अश्लीलतेचे खटले झेलत चालवलं. आणि २००७ साली याच महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि सरकारने तो कार्यक्रम थांबवला. शिक्षक घाबरतात ते उगाच नाही. गावातून कोणी उठून 'पोरांना काय शिकवता' म्हणून विचारील, बदली होईल, ही भीती खरी आहे. म्हणून पालकसभेत आम्ही आधी पट मांडतो. आया खेळल्या की विरोध पुष्कळ ओसरतो, कारण ठकीच्या जागी प्रत्येकीला आपलं लहानपण दिसतं.

आता खेळाची मर्यादा सांगते. ही माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट.

एकदा खेळ संपला, मुली जेवायला गेल्या, आणि एक मुलगी ठकी हातात धरून तशीच बसून राहिली. म्हणाली, "ठकीला काहीतरी सांगायचंय." पुढचं मी इथे सांगणार नाही, ती तिची गोष्ट आहे. पण त्या क्षणी खेळ संपतो हे लक्षात ठेवा. तिथे 'मी कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अत्याचाराची माहिती मिळाली की ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. तेव्हा तिला खरं सांगा: तू सांगितलंस ते फार चांगलं केलंस, तुझी काही चूक नाही, तुला सुरक्षित ठेवायला आणखी एकदोघांना सांगावं लागेल, आणि त्या सगळ्यात मी तुझ्याबरोबर असेन. खोदून विचारू नका. जे झालं ते पुन्हा करून दाखवायला तर मुळीच लावू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असू द्या. आणि पुढचा तासभर मुलींसाठी मोकळा ठेवता येत नसेल, तर खेळ घेऊच नका. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तर कधीच नको. मुलगी बोलेल आणि दुसऱ्या दिवशी आपण तिथे नसू.

दुसरी मर्यादा. एका संस्थेतल्या जबाबदार माणसाने मला विचारलं होतं, "ताई, तुमच्या खेळातून कोणत्या मुलीचं बाहेर काय चाललंय ते आम्हाला कळेल का?" मी म्हटलं, "नाही. तुमच्या शाळेत साप कुठे कुठे आहेत ते कळेल." पुढच्या वर्षी आम्हाला तिथे बोलावलं नाही. चालेल. ज्या दिवशी खेळ हा मुलींना पकडायचा सापळा होईल, त्या दिवशी मुली ठकीलाही काही सांगणार नाहीत, आणि ते बरोबरच असेल.

त्या उंच मुलीची मला माफी मागता आली नाही. पुढच्या वेळी गेले तेव्हा ती शाळेत नव्हती, घरचे भट्टीवर गेले होते आणि तीही त्यांच्याबरोबर गेली होती. आज ती मोठी बाई असेल, कदाचित तिचीच मुलगी शाळेत जात असेल. त्या मुलीला कोणी रेघेवर उभं करू नये एवढ्यासाठी मी हे बोलले.

आता खुर्च्या मागे सरका आणि खाली गोल करून बसा. पहिला पट आपण मोठ्यांनीच खेळायचा असं ठरलंय. खडू कोण घेतंय?